पंच्याण्णव की अठ्ठ्याण्णव

पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर नऊ तेवढा उरला होता. पुढचा आकडा वर्षानुवर्षं सांडलेल्या थेंबांनी खाऊन टाकलेला, आणि त्याच्या जागी नुसता पिवळट डाग... पंच्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल, की अठ्ठ्याण्णवचं? मिस्त्रीने अंगठ्याने डाग पुसून पाहिला आणि स्वतःशीच हसला. कागद वाचून पेट्रोल ठरवायला तो काय काल या धंद्यात आला होता? लोक त्याला तिखटकान म्हणत, तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडे. बाकीच्यांना कान असतात ते चष्मा अडकवायला – हा त्याचा ठरलेला विनोद होता, आणि गॅरेजमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तो एकदा तरी ऐकावा लागे.

गाडी लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट लावून बसलेली. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांची. वडील गेले, गाडी राहिली. आणि उद्या सकाळी बाई आईला शेजारी बसवून घाट चढणार होत्या. “काका, कोणतं भरायचं तेवढं सांगा,” त्या म्हणाल्या होत्या. “बाबा होते तोवर मी कधी विचारलंच नाही.” संध्याकाळपर्यंत सांगतो, म्हणाला होता तो. त्यात सांगण्यासारखं फार काही नव्हतंच. महागाचं पेट्रोल घातलं की गाडी वाऱ्यासारखी पळते हा लोकांचा लाडका समज. खरी गोष्ट एवढीच की वरच्या आकड्याचं पेट्रोल दाबाखाली जास्त धीर धरतं. या इंजिनासारखं चढेल इंजिन असलं की ते आत सगळं इतकं दाबून धरतं, की हलक्या पेट्रोलला धीर निघत नाही – ठिणगीची आग पोचायच्या आतच ते कोपऱ्यात आपलं आपणच भडकतं. त्याचा एक आवाज येतो. बारीक, धातूचा. नव्या गाड्यांत तो आवाज ऐकायला यंत्र बसवलेलं असतं. ही गाडी त्या यंत्राच्या आधीची, हिला माणसाचा कान लागतो. आवाज ऐकू आला नाही तर चालतंय म्हणावं, आला तर वरचं भरावं, आणि ऐकूनही दुर्लक्ष केलं तर एखाद्या चढावर पिस्टनला भोक पडतं आणि गाडी जागच्या जागी बसते.

बायकोला बहिणीकडे जायचं होतं आणि वाट तीच होती, म्हणून ती शेजारी बसली, मांडीवर लोकरीची पिशवी घेऊन. “ही गाडी आहे की खाट?” एवढंच तिने विचारलं. टाकीत तळाला पंच्याण्णवचं घातलेलं होतं. पाण्याच्या टाकीकडे चढणारा रस्ता त्याचा कायमचा परीक्षेचा रस्ता – एका अंगाला लांबच लांब भिंत, त्यामुळे इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून थेट कानात परत येतो. त्याने काच खाली केली, चौथा गिअर टाकला, गाडी मुद्दाम रेंगाळू दिली, आणि चढ लागताच पाय पूर्ण दाबला.

मागच्या नळीची गुरगुर आली. टायरची सळसळ नाही, पण घरघर आली. भिंतीवरून वाऱ्याचे धपके आले, एकामागून एक, खांब यावेत तसे. आणि त्या सगळ्याच्या वरती, जिथे तो बारीक आवाज यायचा तिथे – काही नाही. स्वच्छ. कोरं. त्याला समाधान वाटलं, प्रत्येक वेळी वाटायचं तसंच. अलीकडे तर त्याच्या हाताखालून गेलेली सगळी इंजिनं अशीच कोरी निघत होती, आणि हात बसला की असं होतं, हे त्याने स्वतःला केव्हाच सांगून ठेवलं होतं.

“पंच्याण्णव,” तो न्यायाधीशासारखा म्हणाला.

“हे काय वाजतंय हो?” बायकोने विचारलं.

“काय वाजतंय?”

“टिचक्या मारल्यासारखं. चमच्यांचा खण हलवला की वाजतं ना, तसं.”

तो हसला. मग त्याला दिसलं की ती हसत नाहीये. “कुठे?” त्याने विचारलं, आणि तिने हनुवटीने पुढे, बॉनेटकडे दाखवलं. आता थांबलं, म्हणाली. त्याने पायाकडे बघितलं – पाय सुटलेला होता.

गाडी वळवून तो पुन्हा खाली आला. “वाजेल तेव्हा बोट वर कर,” त्याने सांगितलं. ती म्हणाली, हा काय पोरखेळ, पण केलं. चढ आला. त्याने पाय दाबला आणि लोकरीच्या पिशवीवरचं तिचं बोट वर झालं. त्याने पाय सोडला, बोट खाली. पुन्हा दाबला – वर. अर्धाच दाबला – बोट अर्धवट, घुटमळत. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती खिडकीबाहेर भिंत बघत होती, त्याच्या पायाकडे नव्हे. आणि तरी ते बोट त्याच्या पायाला दोरी बांधल्यासारखं हलत होतं. त्याने कान ताणले. श्वास धरला. डोळे बारीक केले, जणू ऐकणं डोळ्यांनी होतं. बोट वर होतं, आणि तिथे, बोटाच्या जागी, त्याच्यासाठी काहीही नव्हतं.

त्याने गाडी भिंतीलगत उभी केली. कोणाचा कान चुकला? माझा? मी एका खोलीत बसून बाहेर आलेल्या गाडीचा कोणता वॉल्व्ह सैल आहे ते सांगायचो... मला ऐकू येत नाही? सगळं तर येतंय. बायको बोलते ते येतंय, इंजिन येतंय, तो लांबचा ट्रक येतोय. आंधळ्याला निदान अंधार तरी दिसत असेल. इथे गेलेल्या आवाजाची जागासुद्धा रिकामी दिसत नव्हती. ती बुजवली होती, गुळगुळीत, आणि त्यालाच तो स्वच्छ म्हणत होता! चिमण्या गेल्या, असं तो गॅरेजमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे – पूर्वी सकाळी काय कलकल असायची, आता एक नाही. आणि बायको रोज खिडकीत मूठभर दाणे टाकते. कोणासाठी टाकते, हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता.

“त्या आर्किटेक्टच्या गाडीतही असंच वाजायचं,” बायको म्हणाली. “माझा दात काढायला तुम्ही तिच्यातून नेलं होतं ना, तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही तिखटकान. मी काय बोलणार? वाटलं, असल्या गाड्या अशाच वाजतात.”

आर्किटेक्टची गाडी... तिला त्याने साधं पेट्रोल चालेल म्हणून सांगितलं होतं, याच रस्त्यावर, याच भिंतीपाशी ऐकून. आणि महिनाभरात तिच्या पिस्टनला भोक पडलं होतं. जळका पिस्टन हातात घेऊन तो तडक दोस्ताच्या पंपावर गेला होता. पंपवाला त्याचा शाळेपासूनचा दोस्त, बाकावरचा, डब्यातला, लग्नातला. माझा कान चुकत नाही, म्हणजे तुझं पेट्रोल चुकतंय – चार गिऱ्हाइकांदेखत तो ओरडला होता, भेसळ करतोस, लाज वाटत नाही. दोस्ताने एकदाच म्हटलं होतं, “अरे, मी?” आणि मग काही बोलला नव्हता. तो गप्प बसला, म्हणजे चोराच्या मनात चांदणं, असा अर्थ मिस्त्रीने काढला; तोही कानांनीच काढला. त्यानंतर गिऱ्हाइकं एकेक करून दुसऱ्या पंपावर गेली, कारण तिखटकानने सांगितलं म्हणजे संपलं. मिस्त्रीही दुसऱ्या पंपावर जायला लागला. दोस्त रस्त्यात दिसला तर मान फिरवायला लागला.

पेट्रोल चांगलं होतं. चुकीचं होतं, पण चांगलं होतं. अठ्ठ्याण्णव हवं होतं तिथे साधं भरायला लावलं ते मी. चोर कोण?

“बहिणीकडे उशीर होतोय,” बायको म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “होऊ दे.”

वरचं पेट्रोल भरायलाच हवं होतं, टाकी तळाला आली होती, आणि चढाच्या टोकाला एकच पंप होता, दोस्ताचा. तो त्याला टाळून पुढे जाऊ शकला असता. दुसरा पंप फार लांब नव्हता. त्याने ते मनात मोजलंही. हात मात्र आपसूक वळले. पंपावरचा माणूस जेवायला गेला असावा, कारण दोस्त स्वतःच खोलीतून बाहेर आला, लाल गाडी बघून झपझप, आणि आत कोण आहे ते बघून पावलं आवरत. केस किती पिकले होते त्याचे. वर्षभरात माणसाचे केस इतके पिकतात?

“कोणतं?” दोस्ताने विचारलं. परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

“अठ्ठ्याण्णव.”

“इथलं चालेल?”

“चालेल.”

टाकी भरेपर्यंत दोघेही नळीकडे बघत राहिले. मिस्त्री गाडीतून उतरून उभा होता, हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. बोलायचं ठरवलं नव्हतं. किंवा ठरवलं होतं, पण सवडीने, कधीतरी, शब्द नीट जुळवून... आणि तोंडातून ते असंच सांडलं. “तुझ्या पेट्रोलात काही नव्हतं. मलाच ऐकू आलं नाही रे. इंजिन ठोकत होतं, आणि मला ऐकू आलं नाही.”

दोस्त नळी जागेवर अडकवता अडकवता थांबला. त्याने मान वर केली आणि तो बोलला. लहानसंच काहीतरी बोलला. मागे टायरमध्ये हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. ते मिस्त्रीला खणखणीत ऐकू येत होतं, त्याची बेअरिंग जायला आलीय हेसुद्धा कळत होतं, आणि त्या धडधडीतून दोस्ताचा आवाज आला तो नुसता गुणगुणत, शब्दांच्या कडा झिजलेला. माफ केलं म्हणाला? चालता हो म्हणाला? चेहऱ्यावरून कळेना, कारण चेहरे वाचायची सवय त्याने कधी लावूनच घेतली नव्हती, गरजच पडली नव्हती. पुन्हा विचारावं? शिवी असेल तर ती माणसाला दोनदा द्यायला लावायची? आणि माफी असेल तर ती दोनदा मागायची? त्याने मान हलवली. कशाला हलवली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दोस्त क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, आणि आत निघून गेला.

तो गाडीत बसला. बायकोच्या बाजूची काच खाली होती, म्हणजे तिने ऐकलं होतं. विचारलं की ती सांगेल. पण सांगेल ते दोस्ताचं असेल की तिचं, जरा साखर लावलेलं? किल्लीवर हात ठेवून तो बसून राहिला.

बायकोने मान वळवली. नुसती मान नाही, खांद्यांसकट सगळी त्याच्याकडे वळली, तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं, आणि एकेक शब्द सुटा करून, जरा मोठ्याने म्हणाली, “घरी, जाऊ या, का?”

वयामुळे ती अलीकडे चिडून, ओरडून बोलते असं तो समजत होता. तो तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिला. ती अशी वळून बोलायला कधीपासून लागली? आणि त्याआधी, न वळता, स्वयंपाकघरातून, पाठमोरी, दिवा मालवल्यावर, ती जे जे बोलली असेल आणि त्याने हं हं म्हटलं असेल, ते काय होतं?