तोंड बांधलेला माणूस

आमच्या रुचितानं मागच्या महिन्यापासून खुनाचे सिनेमे पाहायला धरले. भुताचे नव्हेत. भूत मला चालतं, भुताला काहीतरी कारण असतं. यांच्यात एक माणूस मुखवटा चढवतो, सुरा घेतो आणि पोरींच्या मागे लागतो. का, ते सिनेमा काढणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

मी पंचफुला. शाळा चौथीत सुटली, पण या घरात माझ्या शब्दाशिवाय चूल पेटत नाही, आमच्या कोंढा गावात कोणालाही विचारा. रुचिता माझी नात, माझ्या लेकाची, जीवनची पोरगी, पवनीला कॉलेजात. आमच्या घरातून इतकं शिकलेली पहिलीच. परीक्षा तोंडावर, आणि ही भरदुपारी दार लावून मोबाइलमध्ये किंचाळ्या ऐकत बसते. ताटात अर्धं अन्न ठेवते. कॉलेजला निघते आणि डोकं दुखतं म्हणून अंगणातूनच परत फिरते. माझ्या जिवाला घोर लागला.

एका दुपारी मी तिच्या खाटेवर जाऊन बसले.

"सरक. मलेबी दाव."

"आजी, तुले झेपन का?"

"चारही लेकरं मी घरीच जन्माले घातली. तुह्या सिनेमात किती रक्त असन, थे पाहू दे."

पाहिलं. मुखवटेवाला संथ चालतो, पोरगी धावते, तरी तोच पोहोचतो.

"एकटी माडीवर काहून गेली ही? बाहेर रस्ता होता ना."

"सगळ्यात जातात, आजी."

"अन हे खूळ काढलं कोणं?"

"तिकडं अमेरिकेत. बाबाच्या लहानपणी लय चालले. पैसा कमी, मोठा नट परवडे नाई. चेहरा झाकला का कोणीबी चालते."

म्हणजे आमच्या मंडईतल्या दंडारीसारखंच. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, तिथं दंडारीच्या नाटकात तोंड रंगवलेला राक्षस तलवार घेऊन बायांच्या अंगावर यायचा. आम्ही डोळ्यांवर हात ठेवायचो आणि बोटं फाकवून पाहायचो. मग तोच राक्षस मागे बिडी ओढताना दिसायचा आणि आम्ही हसत घरी यायचो. भ्यायला मजा येते, मागे घर असलं की.

पण रुचिता हसत नव्हती. ती मुखवटेवाल्याकडे पाहतच नव्हती. ती पाहायची पोरीकडे. पोरीनं मागे वळून पाहिलं की सिनेमा थांबवायची, तेवढंच पुन्हा लावायची.

"हे कायले पाह्यतं व सारखं?"

"शेवटी एक वाचते. कशी वाचते, थे पाहून राहिली मी."

मी मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला.

"तुह्या मागं कोण हाय?"

तिनं दार नीट लावलेलं पाहिलं. मग सांगितलं. कालव्याच्या वाटेनं एसटीच्या थांब्याकडे जाताना मागून एक मोटारसायकल येते. पुढे जात नाही, बोलत नाही. ही थांबली की तीही थांबते. चालवणाऱ्याच्या तोंडावर दुपट्टा. आता या उन्हात आमच्याकडे तोंड कोण बांधत नाही? डोळे तेवढे उघडे. ओळखायचं कोणाला?

"बापाले काहून नाई सांगितलं?"

"बाबा त्याले शोधन नाई, आजी. माह्यं कॉलेज बंद करन."

जीवन माझाच लेक आहे. पोरगी खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. जीवन उन्हाळी धानाला पाणी द्यायला गेला तशी मी पदर खोचून तिच्यासोबत निघाले. कालव्यावर चिटपाखरू नाही. थांबा समोर दिसायला लागला आणि मागून गाडीचा आवाज आला. रुचितानं माझा हात धरला, तिची नखं रुतली.

तोंड बांधलेलं. मी वाटेच्या मधोमध उभी राहिले.

"थांब. थोबाड दाखव."

त्यानं लगेच दुपट्टा सोडला. पंप दुरुस्त करणारा राजकुमार.

"काय झालं, पंचफुलाबाई? मोटर बंद पडली का तुमची?"

"नाई बाबा. जा, कामाले लाग."

तो गेला आणि मला उमगलं. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना जो तो दुपट्टा खाली करतो. बांधल्या तोंडानं बोलणं म्हणजे शिवीच. जो सोडणार नाही, तोच तो.

दुसरी गाडी आली, ती लांबच थांबली. आम्ही चाललो, तीही चालली. मी वळले.

"कोण होय बाप्पा? दुपट्टा सोड."

सोडला नाही. इंजिन चालूच. हातात पाण्याची बाटली, दुसरं काही नाही. तेवढ्यात रुचितानं माझा हात सोडला आणि त्याच्याकडे चालू लागली. तिला थांबवायला मी हात पुढे केला, तोवर ती गाडीपाशी पोहोचली होती. तिनं सरळ गाडीची चावी काढून मुठीत घेतली.

"आजी बोलून राहिली तुह्याशी. सोड."

त्यानं सोडला. बंटी. शेजारच्या रंभाबाईचा. कालच आमच्या ओसरीवर चहा पिऊन गेलेला.

"मी काय केलं, आजी? मी तं रस्त्यानं जाऊन राहिलो."

"रोज? माह्याच मागं?" रुचिता म्हणाली.

त्यानं चावीसाठी हात पुढे केला.

एसटी आली. रुचितानं चावी माझ्या हातावर ठेवली.

"मले पेपर हाय," म्हणाली, आणि चढली.

बस गेल्यावर बंटी हात जोडायला लागला. "आजी, मायले सांगू नोको."

"तुह्या मायचं मंग पाहू. गाडी ढकल."

रंभाबाईला काय सुनवायचं, ते मला शिकवावं लागत नाही. माझा जीव अडकला होता दुसरीकडे. हे पोरगं उघड्या तोंडानं गाडी ढकलत गावात शिरलं की चार तोंडं विचारणार, आणि पाचवं तोंड जीवनच्या बांधावर पोहोचणार. गावाकडून कळलं तर संध्याकाळी तिची पुस्तकं माळ्यावर जातील. माझ्या तोंडून कळलं तर निदान तो आधी माझ्याशी भांडेल.

"गावाकडं नाई," मी म्हटलं. "धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं घे. आधी जीवनच्या धानात. अन थो जे विचारन, त्याचं उत्तर तूच देशीन."

ऊन चढत होतं. मी मागून त्याला घाई करत होते.