दारातल्या चपला

टाचकाकांच्या दाराबाहेर दोन जोड असायचे, एक त्यांचा आणि एक बायकोचा. टाळेबंदीच्या महिनाभर आधी ती गेली, पण तिच्या चपला आत घ्यायला काकांचं मन होत नव्हतं. सगळा जन्म चपला शिवण्यात गेलेला. हा जोड तिच्यासाठी शिवलेला शेवटचा. रोज सकाळी ते त्यावर फडकं मारायचे.

दुकान बंद होतं. मजल्यावर जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघायचा. कुणी साधं खोकलं तरी धडाधड दारं लागायची. समोरचा कारकून तर फटीतूनच बोलायचा. "काका, मास्क नाकावर घ्या. हनुवटीला काही होत नाही हो!"

एका सकाळी पुसताना चपलेची माती हाताला लागली. काकांनी जोड उलटा केला. दोन्ही तळांना माती, आणि तीही आतल्या कडेला जास्त. बायको बाहेरच्या कडेवर जोर देऊन चालायची. म्हणजे हे पाय दुसऱ्याच बाईचे.

काकांच्या मनात नाही नाही ते आलं. चोर असता तर त्यानं परत कशाला ठेवल्या असत्या? मजल्यावरचंच कुणीतरी बाहेर हिंडून रोग आपल्या दारात आणून ठेवतंय. आणि तोही तिच्या चपलांतून!

ते दाराच्या भोकाला डोळा लावून बसले. दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर समोरचं दार हळूच उघडलं. कारकुनाची बायको. अनवाणी, हातात डबा. तिनं इकडंतिकडं पाहिलं, चपलांत पाय सरकवले आणि जिना उतरली.

अर्ध्या तासानं ती वर आली, तेव्हा काका दारातच उभे होते.

"काढ आधी त्या! कुणाच्या आहेत, माहीत आहे ना?"

"काका, हळू बोला, पाया पडते. आमच्या सगळ्यांच्या चपला सासूबाईंनी खाटेखाली ठेवल्यात. कुणी बाहेर जाऊ नये म्हणून."

"मग जातेस कुठं?"

"आईकडं. मागच्या गल्लीत एकटीच असते. हे म्हणतात, फोन कर. तिला फोनवर ऐकू येत नाही हो. डबा दाराशी ठेवते, खाली उभी राहते आणि ती खिडकीतून बघते. बस, एवढंच."

"आईच कशावरून?"

चपला काढून तिनं पुढं केल्या. "ह्यांना सांगणार असाल तर सांगा."

काकांनी चपला आत नेऊन उजेडात धरल्या. बोटांपाशी चामड्याला आडवी घडी पडली होती. नुसत्या चालण्यानं अशी पडत नाही. टाचा उचलून, वर बघत बराच वेळ उभं राहिलं की पडते.

संध्याकाळी त्यांनी आरी काढली. पोरीचा पाय बारीक होता, चपला तिला ढिल्या व्हायच्या. बायकोच्या चपलांच्या पट्ट्यांना नवं भोक पाडताना त्यांचा हात दोनदा थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोड जागेवर होता. तिनं पट्टा आवळला, काकांच्या दाराकडं एकदा पाहिलं आणि गेली.

काका भोकापाशीच बसून राहिले. थोड्या वेळानं समोरची कडी वाजली आणि कारकुनानं डोकं बाहेर काढलं. "अगं, कुठं..."

काका छाती भरून खोकले.

धाडकन दार लागलं.