चारच पोळपाट

लाटी हाताला चिकटत होती... तेल कमी पडलं, की आपलाच हात गरम? कुंदाने ती पोळपाटावर दाबली, आणि पापडाच्या वाढत्या कडेबरोबर तो प्रश्न पुन्हा पसरत गेला—बदलत्या जगात महासत्तेने आपले नेतृत्व कसे टिकवावे? उद्या अकराला एम.ए.चा शेवटचा पेपर. रशिया फुटल्यावर यंदा हाच येणार, सर म्हणाले होते. पुस्तक मात्र जुनंच, त्यात अजून दोन महासत्ता एकमेकींवर डोळे वटारून उभ्या. आणि वाचायला सकाळचे दोन तास मागितले तर सासूबाईंनी—अख्ख्या गल्लीच्या अक्कांनी—नेमकं आजच उडदाचं पीठ भिजवलं.

चारच पोळपाट आले होते. वीस वर्षं अक्कांनी हाक मारली की बारा जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या.

"बाकीन्या बठ्ठ्या कोठे ग्यात?" अक्कांनी विचारलं.

"पार्वताकडे. तिना घर पापड दाबानं मशीन शे," शेजारची झुंबरबाई हसली. "तुनं राज गयं आते, अक्का!"

मशीनचं नाही ते, कुंदाला माहीत होतं. गेल्या वर्षी पार्वताबाईच्या पापडांना अक्का गेल्याच नाहीत, मोठेपणा आड आला. इथे हाताला हात द्यावा लागतो... सैन्य, पैसा, मित्रराष्ट्रं, वहीत तीनच मुद्दे. चौथा इथे, पिठात. आणि वही फळीवर! तिला चिडून रडूच यायला लागलं. पाळण्यात तिची लेक चिमी कुरकुरली. कपाळ कोमट लागतंय का हिचं, की माझाच हात...

बायका गेल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "कुंदा, सकाय बी पार्वताकडेच पापड शेतस. तू जाय. आपला घरमाईन एक जनी जावाले पाहिजे."

उद्या! म्हणजे राज्य यांचं, आणि टिकवायचं मी—दोन वर्षं मांडीवर लेकरू घेऊन वाचलेलं सगळं घालवून...

"तुम्हीच जा, अक्का. मी गेले तर म्हणतील, सून पाठवली. तुम्ही गेलात तरच त्या परत येतील."

इतकं नेमकं उत्तर तिला वहीतही जमलं नव्हतं. अक्का रागावल्या नाहीत. लाटण्याला चिकटलेलं पीठ नखाने खरवडत राहिल्या.

"खरं शे. मीच जासू."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, चिमी पुन्हा कुरकुरेपर्यंत. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्युटीवर. उद्या अकरा ते दोन चिमीला अक्काच घेणार होत्या.

पिठाचे हात तसेच अधांतरी धरून कुंदा बसून राहिली. उत्तर बरोबर होतं, पक्कं ठाऊक होतं तिला... आणि अक्कांच्या पाठमोऱ्या, आज एकदम लहान दिसणाऱ्या खांद्यांकडे बघत ती ते मागे घ्यायला शब्द शोधत होती.