चाखलेलं पाणी

सकाळपासून तिसऱ्यांदा जसिंताने पाळण्याची झोळी झटकली. साडीच्या घडीतून पुन्हा गंजाचा पापुद्रा पडला, नखाएवढा. तिने लेकीला कडेवर घेतलं आणि वर, स्लॅबमधल्या हुकाकडे पाहिलं.

"अप्पा, आज हातोडी घ्याच."

"स्लॅब ओततानाच बसवलाय तो, तू जन्मायच्या आधी," सुसै मेस्त्री ओसरीवरून म्हणाले. "हत्ती टांग."

"हत्ती नाही, तुमची नात टांगायचीय."

म्हातारे उठले. चाळीस वर्षं त्यांनी तूत्तुकुडीच्या किनाऱ्यावर लोकांची घरं बांधली. माल कालवण्याआधी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे. खारट लागलं की टँकर परत; मिठाने स्लॅबमधलं लोखंड आतून गंजतं. 'रसम आहे का हे?' म्हणून मुकादम वैतागायचे.

स्टुलावर चढून त्यांनी हुकाभोवती ठोकलं. आवाज पोकळ आला. पार भिंतीपर्यंत पोकळ.

"साऱ्या गावाचं पाणी चाखलंत, आणि आपल्याच घराचं नाही?"

"चाखलं होतं." त्यांनी खाली पाहिलं नाही. "स्लॅब ओतला तो गोड्या पाण्यात. मग मी तिरुचेंदूरला कामावर गेलो. तुझ्या आईला म्हटलं, स्लॅब सुकू देऊ नकोस. टँकर काही आला नाही. तिने किनाऱ्यावरच्या विहिरीच्या घागरी वाहिल्या, शिडीवरून, दिवसातून दोनदा. चौदा दिवस. तू पोटात होतीस. मी आलो तर स्लॅबवर पाणी साठवायला घातलेली आळी तुडुंब, आणि ही बाई माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी बोट बुडवून चाखलं."

"मग?"

"मग काय. म्हटलं, गोड आहे."

जसिंताने वर स्लॅबकडे पाहिलं. आई जाईपर्यंत शेजारणींना सांगायची, हा माझ्या घागरींचा स्लॅब.

"पाडायला कुणाला बोलावू?"

"मी मेलोय का?"

त्यांनी झोळीची गाठ सोडली. साडी आईचीच होती. ती त्यांनी नीट चौघडी करून जसिंताच्या खांद्यावर ठेवली. हूक दोन झटक्यांत हातात आला.

महिन्याभराने नवा स्लॅब ओतायच्या सकाळी टँकर दारात उभा राहिला. मेस्त्रींनी सवयीने बोट बुडवलं, चाखलं.

"तू चाख," ते म्हणाले. "माझ्या जिभेचं काही खरं नाही."

जसिंताने जिभेला बोट लावलं.

"गोड आहे, अप्पा."

ते बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा एकदा पाण्यात बोट बुडवलं.