वाडग्यातले किडे

"निघाला! अजून एक निघाला!"

लाँड्रीच्या मागच्या अंगणात, ओल्या चादरींच्या मधोमध, पंचवीस-तीस माणसं एका वाडग्यावर वाकून उभी होती. वाडग्यात पाणी आणि पाण्यात बारीक, पांढरे, वळवळणारे किडे. समोर जबडा धरून बसला होता माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा या लाँड्रीत बावीस वर्षं वाफेच्या इस्त्रीवर आहे. होता. आठ दिवस त्याची खालची अक्कलदाढ ठणकत होती. मी दंतवैद्याकडे चारची वेळ घेऊन त्याला न्यायला आले, तर आमचे बंधुराज आधीच दुसऱ्याच्या हवाली झालेले.

"दात तुमचा, बिऱ्हाड किड्याचं!" किडेवाले काका रंगात आले होते. "पोखरतात, खातात, पोरंबाळं वाढवतात! त्यांना ना सुईची भीती, ना खुर्चीची. धुराला मात्र थरथर कापतात लेकाचे. घ्या, कुटुंबकबिल्यासकट बाहेर!"

त्यांची पद्धत अशी. लोखंडी पळी लालभडक तापवायची, तिच्यात चिमूटभर बी आणि तेलाचे दोन थेंब टाकायचे. वरून नरसाळं धरून धूर नळीने तोंडात घ्यायचा आणि वाडग्यात थुंकायचं. मग धुराचा कोप शांत करायला पळीही त्याच पाण्यात बुचकळायची. चुर्रर्र झालं की किडे हजर. सगळ्यांचे डोळे दादाच्या तोंडाकडे. पळीकडे बघतंय कोण?

मी बघत होते. मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पंधरा वर्षं दिवसभर बी चिरायचं आणि आतला कोंब जिवंत की मेलेला ते लिहायचं, हाच माझा धंदा. केसातली पिन काढून मी एक किडा उचलला. ना डोकं, ना तोंड. वांग्याच्या जातीतल्या रानटी काटेरी झुडपाच्या बीत असाच कोंब वेटोळं करून झोपलेला असतो. बी तापून फुटलं की तो बाहेर पडतो, आणि गरम पळीने पाणी उसळलं की वळवळल्यासारखा दिसतो.

"काका, जरा पळी द्या."

"ताई, ही विद्या आहे. खेळणं नाही."

"मग घाबरता कशाला?"

माणसं हसली, तेव्हा नाइलाजाने त्यांनी पळी दिली. मी बी टाकलं, तेल टाकलं, नरसाळं बाजूला ठेवलं, कोणाच्याही तोंडाजवळ गेले नाही. तापलेली पळी स्वच्छ पाण्याच्या मगात बुडवली. चुर्रर्र! मगात वीसेक किडे.

"आता सांगा, या पळीची कुठली दाढ किडली होती?"

एकच हशा पिकला. मला वाटलं, जिंकलं. पण काका कसले वस्ताद! चेहऱ्यावरची माशीही हलू न देता म्हणाले, "तुमच्या हातून निघाले ते बियांचे. माझ्या हातून निघाले ते दाढेचे. हाताहातात फरक असतो, ताई."

आणि माना डोलल्या! आत्ता हसलेली तीच माणसं, त्याच माना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दादा, ऊठ. चार वाजत आले."

दादा जिभेने दाढ चाचपत होता. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल पडला होता. "छोटे, किडे बियांचे का दाढेचे, मला काय करायचंय? दुखायचं थांबलंय. हे खरं का खोटं, तेवढं सांग."

खरं होतं. का थांबलं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. बियांबद्दल विचाराल ते सांगेन, दाढेबद्दल काय सांगणार?

"गरज सरो, वैद्य मरो!" तो हसत उठला. "चल, माझ्या चादरी पडल्यात."

चार दिवसांनी वहिनीचा फोन आला. "अगं, यांचा गाल सुजलाय. लाँड्रीतले सगळे शेक देतायत, पण उतरत नाही."

शेक देणारच ते! डाग असो, सुरकुती असो, कंबर धरलेली असो, त्या लाँड्रीत एकच औषध, वाफ. इस्त्रीखाली टॉवेल तापवायचा आणि दुखेल तिथे दाबायचा. कंबरेला चाललं, म्हणून दाढेलाही चालवलं. दोन दिवस आळीपाळीने, मायेने, त्याचा जबडा शेकत होते बिचारे.

मी पोचले तेव्हा सूज गालावरून हनुवटीखाली, गळ्यापर्यंत उतरली होती. गळा लाकडासारखा टणक. तोंड बोटभरही उघडत नव्हतं. स्वतःची थुंकी गिळता येत नव्हती, ती रुमालात झेलत तो माझ्याकडे बघत होता. "दादा, काही होत नाही," मी म्हणाले. धडधडीत खोटं बोलले.

इस्पितळात श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी घातली. डॉक्टरीणबाई दमलेल्या, पण नीट बोलल्या. "दाढेतली नस सडत होती, म्हणून ठणका. मग नस मेली. मेलेली नस दुखत नाही. तुमचा धूरवाला नेमका त्याच वेळी समोर बसला होता, इतकंच. दुखणं थांबलं, पू थांबला नाही. तो हाडातून गळ्यात उतरला. शेकाने सूज आणखी भडकते."

"त्या दिवशी चार वाजता आणलं असतं तर?"

"दाढ काढून तासाभरात घरी गेले असते."

तिसऱ्या दिवशी दादा गेला. दाढेने माणूस जातो का हो? जातो. मी बघितलाय.

म्हणून हात जोडून सांगते. दाढ दुखली तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, अडकलेला घास दोऱ्याने हळूच काढा, गालावर बाहेरून थंड घडी ठेवा, झोपताना उशी उंच घ्या. दुखणं कमी करायची गोळी, तुम्हाला चालत असेल तीच, सांगितल्या प्रमाणात गिळा. दाढेत किंवा हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. पण हे सगळं खुर्चीत बसेपर्यंतचं, खुर्चीऐवजी नव्हे. ठणका आपोआप थांबला, तरी घेतलेली वेळ मोडू नका. आणि सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर दंतवैद्याच्या वेळेचीही वाट बघू नका, तडक इस्पितळ गाठा. किडे दाखवणाऱ्याला एकच सांगा: माझं तोंड मिटलेलं राहू दे, आता काढून दाखव.

लाँड्रीत हे मी दोनदा सांगून आले. मगात किडे काढून दाखवले. सगळ्यांनी ऐकलं, डोळे पुसले. पुढच्या आठवड्यात काका पुन्हा अंगणात बसले. कोणीतरी दादाचं विचारलं, तर म्हणाले, "तीन बैठका लागतात. तो एकीवरच उठला."

ते वहिनीच्या कानावर गेलं. मी तिला पळी, बी, नस, पू, सगळं पुन्हा समजावते. ती शहाणी आहे, शिकलेली आहे, मन लावून ऐकते, मान हलवते, "खरंय गं तुझं" म्हणते. मग पदर तोंडाशी धरून मलाच विचारते, "पण दोन बैठका अजून करून घेतल्या असत्या तर?"