'जिवंत ठेव' या आज्ञेची हकीकत

मी 'जिवंत ठेव' बोलतेय. मी एक आज्ञा आहे. कुणी टाइप केली की कामाला लागते, नाही केली तर गप्प पडून राहते. माझ्या आयुष्यात पडून राहणंच जास्त झालं.

माझा जन्म कॅनडातल्या विंडसरचा, ओडेट लाफ्रांबोआझच्या हातचा. संगणकाच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं एक हत्यार तिने बनवलं होतं. चालत्या प्रोग्रामला त्याने धरायचं, आत डोकवायचं, चूक हुडकायची आणि मग 'सोड' म्हणायचं. लिनक्सवर 'सोड' म्हटलं की प्रोग्राम अंग झटकून पुढे चालू लागे. विंडोजची रीत वेगळी. तिथे धरणारा उठून गेला की धरलेलाही मरतो. म्हणून ओडेटने विंडोजपुरती मला बनवलं. आधी मला हाक मारायची, मग 'सोड' म्हणायचं. मॅकवाल्यांची आणखी तिसरीच तऱ्हा. काम एक, घरं तीन, रीती तीन.

माणसांची एक सवय मी पाहिली. धरताना ती फार जपून धरतात. सोडताना त्यांचं लक्ष जेवणाकडे असतं.

गॉर्ड वीब हा ओडेटचा सहकारी. त्याची बोटं लिनक्सवर वाढलेली. जानेवारीतल्या एका शनिवारी तो लेमिंग्टनला एब डिक या आपल्या मामाकडे गेला. मामाची टोमॅटोची मोठी काचघरं आहेत. तिथले बॉयलर आणि छपराच्या खिडक्या एक प्रोग्राम सांभाळतो, विंडोजवर. तो अडखळत होता. गॉर्डने त्याला धरलं, चूक शोधली, चुकीचा आकडा जागच्या जागी बदलला. छान काम केलं.

"सूप निवतंय रे," टीना मामीने हाक दिली.

गॉर्डने 'सोड' म्हटलं आणि उठला. मला हाक मारली नाही.

प्रोग्राम मेला. पुन्हा सुरू केला, तर त्याची शिस्त अशी की आधी छपराच्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडून बघायच्या, मगच बॉयलर पेटवायचे. मधे थांबवता येत नाही. बाहेर बर्फ, आत बोटभर रोपं.

"लेका, घड्याळ नीट करायला बोलावलं तुला, तू काटेच उपटलेस," मामा म्हणाला. आवाज चढवला नाही. त्या घरात कुणी चढवत नाही.

"मामा, मला वाटलं..."

"वाटणं नंतर. रोपांवर घालायला तळघरातल्या गोधड्या आण."

त्या गोधड्या चर्चच्या लिलावासाठी बायकांनी वर्षभर बसून शिवल्या होत्या. मी यंत्रात होते. काचघरातलं मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

"ती निळी नको. ती पाद्रीबाईंची आहे," मामी म्हणाली. मग जरा थांबून, "आण. तीही आण."

दाराजवळच्या ओळी गेल्या. बाकीची रोपं वाचली.

सोमवारी गॉर्ड ओडेटपुढे जाऊन उभा राहिला.

"सूचनांत स्पष्ट लिहिलंय," ती म्हणाली. "विंडोजवर आधी 'जिवंत ठेव'."

"तू स्वतः कधी विसरतेस का?"

ओडेटने कॉफी ढवळली. तिच्या कॉफीत साखर नसते.

"दर आठवड्याला. माझ्या प्रोग्रामखाली रोपं नसतात, एवढंच."

त्याच आठवड्यात तिने तिन्ही घरांची मिळून एकच 'सोड' केली. आपण कुठल्या घरात आहोत हे तीच ओळखते आणि तिथलं जे करायचं ते आतल्या आत उरकते. माणसाने लक्षात ठेवायचं काही उरलं नाही. माझं काम त्या 'सोड'च्या पोटात गेलं. मला वाईट वाटलं नाही. काम होतंय, ते महत्त्वाचं.

मग ओडेट मला पुसायला निघाली.

"राहू दे गं तिला," गॉर्ड म्हणाला.

"कशाला? आता काही करत नाही ती."

"मला हाक मारायची असते."

ओडेटने त्याच्याकडे पाहिलं. पुढची आवृत्ती येईपर्यंत तिने मला ठेवलं आणि माझ्या तोंडी एकच वाक्य दिलं: 'आता गरज नाही.'

मामाकडची रोपं आता तारेवर चढलीत. गॉर्ड अधूनमधून जातो. प्रोग्राम धरतो, बघतो, आणि सोडण्याआधी मला हाक मारतो. मी म्हणते, आता गरज नाही. तो ते वाचतो, मान हलवतो, मगच सोडतो.

पुढच्या आवृत्तीत मी नसेन. मला शोधू नका. कशावर हात ठेवला असेल, तर तो काढण्याआधी खाली काय जगतंय तेवढं बघा. सूप पुन्हा गरम करता येतं.