साहेबांच्या पसंतीचे दात

"तिला काय विचारता? मला विचारा," म्हणत साहेबांनी स्टूल पुढे ओढलं. दात करायचे होते त्यांच्या बायकोचे. ती बिचारी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, आणि डॉक्टर विचारत होते की खालची हिरडी कुठे दुखते का. साहेबांनी सांगून टाकलं, काही दुखत नाही. जणू हिरडी यांचीच.

मी या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. सगळे मला सिस्टर म्हणतात. इथे राहून माणसांबद्दल माझं मत काही फारसं बरं उरलेलं नाही. एरवी ब्रशला हात न लावणारे इथे यायच्या दिवशी रक्त येईस्तोवर दात घासून येतात आणि समजतात, आम्हाला फसवलं. पोराची दाढ किडून काळी ठिक्कर पडते, तरी आईबाप म्हणणार, दुधाचीच आहे, पडणारच आहे. तोवर पोर कळवळतंय, त्याचं काही नाही. पण साहेबांसारखा नग मीसुद्धा पाहिला नव्हता. कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण साहेबी घरी घेऊन आले. स्वतःचे दात पिवळेजर्द, तोंडाला वास, आणि वर ऐट, की मला कधी डॉक्टर लागला नाही.

काकूंचे, म्हणजे साहेबांच्या बायकोचे, दात एकेक करून गेले. दुखलं की साहेबांचं एकच, उपटून टाक, कटकट संपली. शेवटचा गेला तेव्हापासून काकू तोंडावर रुमाल धरून बोलायला लागल्या, आणि पुढेपुढे बोलायच्याच बंद झाल्या. आता कवळी करायची, तीही चारचौघांत बायको बोळकी दिसते म्हणून.

कवळी पक्की करण्याआधी आम्ही दात मेणात बसवून दाखवतो. मेणात असेपर्यंत ते हलवता येतात, नंतर नाही. म्हणून पेशंटने आरशात बघून स्वतः हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा आमच्याकडचा नियम. मेणातले दात दाखवायच्या दिवशी काकूंनी पर्समधून एक जुना फोटो काढला आणि हळूच माझ्या हातात दिला. फोटोत तरुणपणच्या काकू खळखळून हसत होत्या आणि पुढच्या दोन दातांत चांगली फट होती.

"एवढी फट ठेवाल का?" त्या रुमालाआडून म्हणाल्या. "माझ्या आईला होती, लेकीला आहे. ही नसली तर आरशात मी कुणी दुसरीच दिसते."

साहेब हसले. नवे दात करायचे आणि त्यात भोक ठेवायचं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. सरळ, पांढरेशुभ्र बसवा, असा हुकूम सुटला. आमच्या डॉक्टरांचा हात कसलेला आहे, पण माणूस आयत्या वेळी कच खाणारा. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि विचारलं, मग असेच चालतील ना? साहेब म्हणाले, चालतील. डॉक्टरांनी तेच काकूंचं उत्तर धरलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला विचारतो कोण?

कवळी तयार झाली. डॉक्टरांनी ती काकूंच्या तोंडात बसवली. साहेब दोन पावलं मागे सरकून म्हणाले, आता कसं माणसात आल्यासारखं वाटतं. काकू आरशात बघत राहिल्या. मग त्यांनी कवळी काढली, रुमालाने नीट पुसली आणि साहेबांच्या तळहातावर ठेवली.

"तुमच्या पसंतीचे आहेत, तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या. "माझे करायला मी एकटी येईन."

आणि त्या बाहेर गेल्या. साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर ट्रेमधली हत्यारं नीट लावायला लागले.

कवळी देताना काळजी कशी घ्यायची ते सांगणं माझं काम. ते मी केलं, अगदी सावकाश. झोपताना पाण्यात ठेवायची, वाळली तर वाकडी होते. गरम पाणी घालायचं नाही. मऊ ब्रशने रोज घासायची, पण खाली टॉवेल पसरून, कारण हातातून निसटली की तुटते.

"कळलं ना, साहेब?"

"कळलं," साहेब म्हणाले. त्यांनी हात अजून तसाच पुढे धरला होता.

बाहेर बाकावर एक चिमुरडी बसली होती, तिचे पुढचे दोन दुधाचे दात नुकतेच पडले होते. ती काकूंना आपली खिडकी दाखवत होती. काकू हसत होत्या आणि रुमाल त्यांच्या मांडीवर पडला होता.